बॅटरी विझत नाही

हरिपूरहून पत्र आलंय. सात पानी आहे, इथे कामापुरतं देते.

"ताई, मी चौतीस वर्षांची. माहेर पुण्याचं, सासर सांगलीजवळच्या हरिपूरचं, घरचा हळदीचा व्यापार. मला इंग्रजी हलक्याफुलक्या रहस्यकथांचं वेड आहे. त्यातही चेटकिणींचं एखादं कुटुंब असतं, छोट्याशा गावात खून होतो आणि मावश्या-भाच्या चहा-केक खात तो उलगडतात, तसल्या. गेल्या वर्षी मी मराठीत तशीच एक लिहायला घेतली. हरिपुरातल्या तीन चेटकीण बहिणी. श्रावणातल्या अमावास्येला, भर पावसात, बॅटरी घेऊन पेवात, म्हणजे हळद साठवायच्या जमिनीखालच्या खड्ड्यात, उतरलेला एक अडत्या आतच मरतो. गाव बहिणींवर संशय घेतं. थोरली काळं मांजर पाठवून आणि काचेच्या गोळ्यात बघून खुनी शोधते. शंभर पानं झाली. मैत्रिणीने वाचली आणि म्हणाली, 'इंग्रजी पुस्तकाला नऊवारी नेसवलीस.'

दुसरा प्रश्न घरातला आहे. वही फ्रीजवर असते. गेल्या महिन्यात उघडली तर समासात कुणीतरी शिसपेन्सिलीने बारीक लिहिलेलं. पावसाच्या वर्णनापुढे, 'असें नसतें.' अडत्या उतरतो तिथे, 'कांहीं झालें तरी आधीं दिवा.' त्याच्या हातात बॅटरी आहे त्या वाक्यापुढे, 'बॅटरी विझत नाहीं.' ही ओळ दोनदा गिरवलेली. आणि गाव बहिणींना चेटकिणी म्हणतं त्या पानावर, 'आधीं कोण बोललें?' त्या पानाच्या कोपऱ्याला बोटभर लाल डाग. मला रक्तच वाटलं. दोन रात्री झोप नाही.

घरात नवरा, चौथीतली मुलगी, सासूबाई (61), चुलत सासूबाई (58) आणि आजेसासूबाई (82). सासूबाईंना वहीचं कळल्यावर 'दिवेलागणीला असली नावं काढायची नाहीत' म्हणून चार दिवस अबोला होता. मला वाटतं, हे त्यांचंच काम. नवरा म्हणतो, अडतीचं नाव खराब होईल, सोड. आजी काहीच बोलत नाहीत. दुपारी पान लावून खिडकीत बसतात आणि मी लिहायला लागले की माझ्याकडे बघत राहतात. आता त्याचीच भीती वाटते. थांबवू का लिहिणं? – हरिपूरची सून"

अगं, तुझ्या घरात भूत नाही. 1962 च्या आधी शाळा सोडलेलं माणूस आहे.

मी बत्तीस वर्षं मराठीच्या वह्या तपासल्या. नोकरी संपली, सवय राहिली. त्यामुळे मजकुराच्या आधी मला अनुस्वार दिसले. असें, नाहीं, कांहीं, आधीं, बोललें. ही टिंबं उच्चारात नव्हती, तरी लिहायची असत. 1962 साली साहित्य महामंडळाचे लेखनाचे नियम आले आणि ती गेली. तुझ्या सासूबाई पहिलीत गेल्या तेव्हा ही टिंबं पुस्तकातून उठलेली होती. त्यांनी 'नाहीं' लिहिलं असतं तर माझ्यासारख्या एखाद्या बाईने ते खोडून अर्धा मार्क कापला असता. चुलत सासूबाई त्याहून लहान. नवऱ्याचं सगळं लिहिणं मोबाइलवर, आणि चौथीतल्या मुलीच्या हाती समास लागला तर ती आधी फूल काढेल. राहिलं कोण?

रक्ताचंही सांगते. हळदीचा पदर साबणाने चोळला की लाल होतो, हे तू पाहिलं असशील. हळदीतल्या पिवळ्या रंगाचा तो गुणच आहे, अल्कली लागली की लाल व्हायचं. जुन्या पद्धतीचं कुंकू हळदीला चुना लावून करतात ते त्याच जोरावर. तुमच्या घरात हळद सगळ्यांच्याच बोटांना असणार. चुना कुणाच्या बोटाला असतो, ते तू स्वतःच लिहिलंयस.

तेव्हा सासूबाईंवर घेतलेला आळ मनातल्या मनात मागे घे. त्यांना सांगत बसू नकोस, संध्याकाळचा चहा तेवढा तू टाक. आणि दिवेलागणीला असली नावं न काढणं हे त्यांच्या घरचं वळण आहे, ते मोडून तुला काय मिळणार? सकाळी लिही.

आता आजी. तुला वाटतंय त्या रागावल्यात. रागावलेल्या बाईने वही बंबात घातली असती. या बाईने म्हातारपणच्या डोळ्यांनी शंभर पानं वाचली, चार जागी थांबली, चार दुरुस्त्या केल्या आणि वही पुन्हा फ्रीजवर ठेवली. इतकं लक्ष देऊन वाचणारं कुणी माझ्या वर्गात एकदाही बसलं नाही. तुझ्याकडे बघत राहतात कारण त्यांना पुढचं वाचायचंय.

दुरुस्त्यांकडे वळू. पहिली सोपी आहे. भर पावसात पेव कुणी उघडत नाही. पाणी आत गेलं की हळद गेली. तसं करणारा अडत्या एका हंगामात रस्त्यावर येईल. तू पुण्याची, तुला कुणी सांगितलं नसेल, आणि श्रावणातली अमावास्या म्हटलं की हात आपोआप ढग लिहितो.

दुसरीसाठी जरा लांबून यावं लागेल. माझे वडील सांगलीत हळदीच्या अडतीत दिवाणजी होते. मी सात-आठ वर्षांची असताना एकदा त्यांच्याबरोबर हरिपूरला गेले, पेव उघडायचं होतं म्हणून. बघायला गेलं तर नुसतं रान. वरची माती ओढली, फरशी सरकवली, पाला उपसला, आणि खाली काळोख. तोंड एवढंसं, खांदे आवळून माणूस उतरेल इतकंच. आत मात्र रांजणासारखं पोट सुटलेलं, वीस-पंचवीस फूट खोल. मला वाटलं आता गडी उतरणार. कुणी जागचं हललं नाही. सगळे झाडाखाली जाऊन बसले, भाकरी सोडली, तंबाखू मळली. बऱ्याच वेळाने एकाने कंदील पेटवला, दोरीला बांधला आणि हळूहळू आत सोडला. अर्ध्यावर गेला आणि ज्योत बारीक झाली, मग गेलीच. 'अजून नाही,' म्हणाले आणि पुन्हा बसले. मी वडिलांना विचारलं, कुणी फुंकला? ते म्हणाले, 'आतल्यानं.'

हा 'आतला' माझ्या उशाशी कित्येक वर्षं होता. पुढे शाळेत विज्ञानाच्या बाईंनी त्याला कार्बन डाय-ऑक्साइड असं नाव दिलं तेव्हा मला थोडं वाईटच वाटलं. बंद पेवात हळद आणि पाला हवेतला प्राणवायू संपवून टाकतात, आणि जो वायू मागे राहतो तो हवेपेक्षा जड, त्यामुळे तोंड उघडलं तरी तळाशी बसून राहतो. किडा-टोका तिथे जगत नाही, म्हणून हळद वर्षानुवर्षं टिकते. माणूसही तिथे जगत नाही. ज्योतीला जी हवा लागते तीच आपल्याला लागते, म्हणून आधी दिवा. कंदील वर आला आणि तो जळत असला, तरच गडी खाली.

आता तिसरी ओळ परत वाच. 'बॅटरी विझत नाहीं.'

मी पत्र खाली ठेवून स्वयंपाकघरात जाऊन पाणी पिऊन आले. तू बॅटरी दिलीस ती सहज दिलीस, आजकाल सगळ्यांच्या हातात असते म्हणून. पण बॅटरीला हवा लागत नाही. ती पेवाच्या तळाशी लख्ख उजेड पाडते. वरून डोकावणाऱ्याला हळद दिसते, तळ दिसतो, काही वावगं दिसत नाही. तो उतरतो. अगं, तुझा खून इथे पडलाय आणि तू त्याला मांजर घालून शोधतेयस! ज्या अडत्याने चाळीस वर्षं दिव्याशिवाय पेवात पाय घातला नाही, त्याच्या हातात त्या दिवशी बॅटरी कुणी दिली? कंदिलातलं रॉकेल संपलंय असं कुणी सांगितलं? आणि तो कंदील नंतर कुठे सापडतो, भरलेला, वात न जळालेला? हत्यार नाही, जखम नाही, रक्ताचा थेंब नाही. तुझ्या त्या इंग्रजी पुस्तकांचा नियमच असतो ना, की रक्त पानावर सांडायचं नाही आणि खून पडद्यामागे व्हायचा? यापेक्षा सभ्य खून तुला मिळायचा नाही. गाव म्हणणार, आतल्यानं नेला. मग म्हणणार, आतल्याला कुणी सोडलं? आणि तीन बायकांच्या घराकडे बघणार.

तेव्हा काचेचा गोळा टाकून दे. 1929 साली रोनाल्ड नॉक्स नावाच्या इंग्लिश पाद्र्याने रहस्यकथेचे दहा नियम लिहिले, त्यातला दुसरा हा की उलगड्यात अमानवी शक्तीचा हात असता कामा नये. (सांगलीचा आयर्विन पूल त्याच सालचा. दोन्ही अजून भार सोसतायत.) पाद्रीबुवांइतकी कडक मी नाही. बहिणींच्या घरात थोडं काहीतरी न उलगडणारं राहू दे. माजघरातलं दार आपोआप लागतं, मधल्या बहिणीला पाहुणा येण्याआधी कळतं, असलं. वाचकाला ते हवं असतं, मलाही हवं असतं. फक्त खुनी मात्र कंदिलानेच सापडला पाहिजे, आणि तो कंदील वाचकाने दहाव्या पानावर खुंटीला टांगलेला बघितलेला असला पाहिजे.

श्रावण सोडायचं जिवावर येत असेल तर असं कर. मरण वैशाखात घाल, कोरड्यात. शोध चालू दे पावसाळ्यापर्यंत. मग कृष्णा चढू दे. सांगलीकर त्या दिवसांत घड्याळ बघत नाहीत, आयर्विन पुलापाशी किती फूट झालं ते बघतात. 40 फूट इशारा, 45 धोका. तुझं गाव तर कृष्णा-वारणेच्या संगमावर, तुला मी काय सांगू. रस्ते बंद, वीज नाही, आणि गल्लीतली पाच घरं एकाच माडीवर, खुन्यासकट. इंग्रजी लेखकांना यासाठी बर्फ पाडून बंगला तोडावा लागतो. शिवाय कंदील जर एखाद्या रिकाम्या पेवात दडवलेला असेल, तर पाणी तिथे पोचायच्या आत तो काढावा लागणार. 2005 च्या महापुरात हरिपुरातल्या किती पेवांत पाणी शिरलं, ते तुझ्या सासऱ्यांच्या पिढीतल्या कुणालाही विचार, आकड्यासकट सांगतील.

बहिणींचं म्हणशील तर मैत्रीण बरोबर बोलली, पण दोष नऊवारीचा नाही. तुझ्या बहिणींना काहीच येत नाही, हा दोष आहे. त्या नुसत्या चेटकिणी आहेत. आपल्याकडे जिला गाव चेटकीण म्हणतं तिला बहुतेक वेळा काहीतरी फार चांगलं येत असतं. थोरलीला हळकुंड मोडल्याच्या आवाजावरून माल कळू दे. चांगलं वाळलेलं हळकुंड मोडताना टणकन वाजतं, धातूसारखं. ओलसर असलं की तो नाद नाही. ती पोत्यात हात न घालता, नुसतं ऐकून सांगते की या पोत्यात खाली दुसरा माल भरलाय. म्हणजे तिच्यावर दात धरून बसलेला एक व्यापारी तुला फुकट मिळाला.

मधलीला दृष्ट काढता येऊ दे. तू कधी दृष्ट काढताना नीट ऐकलंयस का? मीठ-मोहऱ्या-मिरच्या ओवाळताना बाई पुटपुटते, आल्यागेल्याची, घरच्यादारच्याची, शेजारपाजाऱ्याची. ही संशयितांची यादी आहे गं! आणि मूल मांडीवर घेऊन आलेली आई ओवाळून होईपर्यंत काय काय सांगते. कुठे गेलो होतो, कोण आलं होतं, कुणी बाळाकडे टक लावून बघितलं, जाऊबाई काय म्हणाल्या. गावातल्या पोलिसपाटलाला जे कळत नाही ते मधलीच्या चुलीपाशी येऊन पडतं. मिरच्यांचा खाट उठला की नाही, यावर ती काय सांगायचं आणि काय गिळायचं ते ठरवते. धाकटीचं तू बघ. मांजर ठेवायचं असेल तर ठेव, पण त्याला कुठे पाठवू नकोस. मांजरं पाठवलेल्या कामावर जात नाहीत. आणि केकच्या जागी भडंग. कांदा-कोथिंबीर घालून, लगेच खायचं, नाहीतर सादळतं.

चौथ्या ओळीपाशी मी सगळ्यात जास्त थांबले. 'आधीं कोण बोललें?'

हडळ, जखीण, लावसट या सगळ्या मेलेल्या बायका. चेटकीण जिवंत असते. हडळीपासून माणसं पळतात, चेटकिणीच्या मागे लागतात. तुझ्या इंग्रजी पुस्तकांत हा शब्द आता टोपीसारखा झालाय, हवी तिने घालावी. तिथेही एके काळी या शब्दासाठी बायका मारल्या गेल्या, पण त्याला शतकं लोटली. आपल्याकडे तो शब्द अजून ओला आहे. नंदुरबारकडे बाईला डाकीण ठरवून मारहाण झाल्याच्या बातम्या आपल्याच पिढीने वाचल्यात. सातारचे डॉ. नरेंद्र दाभोलकर ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी वर्षानुवर्षं झटले तो त्यांच्या हयातीत झाला नाही. 20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात त्यांचा खून झाला, त्यानंतर काही दिवसांत वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात विधिमंडळाने कायदा केला. एखादी व्यक्ती करणी करते, जादूटोणा करते असं भासवून तिचं जगणं मुश्किल करणं हा त्यात गुन्हा आहे. सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद आणि 5 हजार ते 50 हजार रुपये दंड. तू गोष्ट लिहितेयस, तुला त्याची भीती बाळगायचं कारण नाही. पण गोष्टीतल्या कुणाला तरी ती असायला हवी. तुझ्या शंभर पानांत गाव बहिणींना चेटकिणी म्हणतं, हे पावसासारखं आपोआप होतं. आपोआप काही होत नाही. कुणीतरी एकाने पहिल्यांदा म्हटलेलं असतं, आणि बहुधा त्याला त्या बाईची जमीन, घर नाहीतर तोंड बंद हवं असतं. नवरा गेलेली, एकटी राहणारी, व्यवहार कळणारी बाई असली की त्याचं काम सोपं. तो सापडला की तुझा खुनीही सापडेल. आजींनी तुला गोष्टीचं मधलं खांड दिलंय.

आमच्या गल्लीतही एक होती. तिच्या दारावरून जाताना आम्ही मुली श्वास रोखून पळायचो. का, ते कधी विचारलं नाही. तिच्या परसात सोनचाफा होता आणि फुलं मात्र आम्ही तिथलीच चोरायचो.

एवढं जड मधे आलं तर गोष्ट हलकी राहील का, असं तू विचारशील. हरिपुरात बसून तू हे विचारू नयेस. गोविंद बल्लाळ देवल तुमच्या गावचे. 'संगीत शारदा' 1899 चं. म्हाताऱ्याला लहान मुलगी देण्याइतका ओंगळ विषय, आणि लोक हसत होते, पदं गुणगुणत घरी जात होते. हसत होते म्हणूनच शेवटपर्यंत बसले. तुझ्या बहिणींनी भडंग खात खात विचारावं, आधी कोण बोललं. ओरडून विचारायची गरज नाही.

नवऱ्याचं सोपं आहे. गोष्टीतल्या अडतीचं नाव, गल्ली, देऊळ सगळं बदल आणि त्यांना सांग, खुनी हळदीचा व्यापारी नाही, बेदाण्याचा आहे. तेवढ्याने निभेल.

आता आजींशी कसं बोलायचं. इथे मी जपून लिहिते. बॅटरीची ओळ दोनदा गिरवलेली आहे. दिव्याची रीत हळदीच्या घरात सगळ्यांना ठाऊक असते, पण बॅटरी विझत नाही हे असं कुणी बसल्या बसल्या सुचून लिहीत नाही. आणि तीच पेन्सिल चेटकीण शब्दापाशी जाऊन विचारते, आधी कोण बोललं. या दोन ओळी शेजारी शेजारी ठेवल्या की मला एक पेव दिसतं, एक माणूस दिसतो आणि एक बाई दिसते. ती बाई आजींची कुणी होती, की नुसतीच ऐकीव, की मीच तुझ्यासारखी गोष्ट रचतेय, हे फक्त त्यांना माहीत. ब्याऐंशी वर्षांच्या बाईने ते आजवर तोंडाने सांगितलं नाही, त्याला तिची कारणं असतील. म्हणून 'आजी, हे तुम्ही लिहिलंत ना' असं चोर पकडल्यासारखं विचारू नकोस. सगळ्यांच्या देखत तर नाहीच. मुलीच्या हाती निरोपही पाठवू नकोस.

त्यांनी लिहून बोलायला सुरुवात केलीय, तूही लिहूनच उत्तर दे. पावसाचं पान फाडू नकोस, नुसती तिरकी रेघ मार आणि खाली लिही, 'वैशाखात घेतलं.' बॅटरीच्या ओळीखाली लिही, 'कंदील कुठे होता?' चेटकीण शब्दापाशी काही लिहू नकोस, जागा सोड. चार-पाच कोरी पानं सोड. वही फ्रीजवर न ठेवता खिडकीत ठेव, त्यांच्या उंचीला. फ्रीजवरून ती काढताना त्यांना स्टूल लागत असणार, या वयात पडल्या म्हणजे? पेन्सिलीला टोक काढून ठेव.

मग वाट बघ. आठवडा जाईल, महिना जाईल. कधीतरी दुपारी घर निजलेलं असताना त्या स्वतःच काहीतरी बोलतील, बहुधा भलत्याच विषयावरून, कुणाच्या तरी लग्नापासून नाहीतर एखाद्या म्हशीपासून. मध्ये तोडू नकोस. त्यांच्यासमोर लिहून घेऊ नकोस, मोबाइलवर टिपू नकोस. जे सांगतील ते गोष्टीत घालायचं की नाही, हे दुसऱ्या दिवशी त्यांनाच विचार आणि नाही म्हणाल्या तर नाही. तुझ्या गोष्टीला कंदील पुरेसा आहे.

आणि बोलायला बसशील तेव्हा पान तू लावून दे. चुना बेताचा, नाहीतर तोंड भाजतं आणि बोलणं तिथेच थांबतं.